लियाकतचा हब्स

शारजा,
९ जानेवारी २०२४

आपा, सलाम.

हे पत्र मरियमबींच्या बॅगेतून राजिवड्याला येतंय, खजुरांच्या पाकिटाखाली. फोन करून उपयोग नाही. तुझ्या कानाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस. शिवाय तू मास्तरीण. धाकट्या भावाचं अक्षर समोर दिसल्याशिवाय तुला काही खरं वाटत नाही.

बातमी अशी की शेड उभी राहिली. हमरिया फ्री झोनमध्ये, बंदरापासून दहा मिनिटांवर. साठ फूट रुंद, एकशेवीस फूट लांब, पुढे दुमजली ऑफिस. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पाटीखाली भिंती बांधल्या. या वेळी गेटवरची पाटी माझ्या कंपनीची आहे. दगडू म्हणजे माझा मुकादम, बीडचा. त्याने परवा ऑफिसच्या फरशीवर काचेची गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही. सगळ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि मला एकदम रडू आलं.

मालक धनंजयशेठ रेडीज, चिपळूणचे. इथे मसाल्याच्या पाकिटांचा कारखाना काढतायत. पहिल्याच भेटीत माझ्याशी मराठीत बोलले आणि मी विरघळलो. आता एकच गोष्ट राहिली आहे, शेवटचा हप्ता. दोन लाख ऐंशी हजार दिरहम, म्हणजे आपले त्रेसष्ट लाख. शेठ म्हणतात, लियाकतभाई, आधी चावी द्या, एक तारखेला पूजा धरली आहे, त्यानंतर आठवड्यात पैसे. त्या पैशांत माझा नफा थोडाच आहे. बाकी सगळे माणसांचे दोन महिन्यांचे पगार आणि पत्रेवाल्याची उधारी. ते आले नाहीत तर कंपनी बंद, माणसं आपापल्या गावी, आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या पाटीखाली.

पण येतील. आपला माणूस आहे. चावी द्यायचं मी जवळजवळ ठरवलंय.

तुझा लियाकत


राजिवडा, रत्नागिरी,
१४ जानेवारी २०२४

लियाकत, दुआ.

पत्र पोचलं, खजूरही पोचले. शेडबद्दल वाचून ऊर भरून आला, ती गोष्ट वेगळी. आता शिक्षिका म्हणून सांगते. तुझ्या पत्रात 'पाटी' तीन वेळा आहे, 'आपला माणूस' आहे, आणि 'करार' हा शब्द एकदाही नाही.

चिपळूणचा आहे म्हणून आपला? छत्तीस वर्षं शाळेत काढली मी. ज्यांनी माझी पुस्तकं नेली आणि परत केली नाहीत ते सगळे आपलेच होते. तुला कोणी गोड बोललं की तू हातातलं सोडतोस, हे लहानपणापासूनचं आहे. भोवरा, पतंग, सायकल, सगळं तसंच गेलं. ते गेलं तर गेलं. हे नऊ-दहा घरांचं पोट आहे.

चावी देऊ नकोस. आधी वकिलाला विचार. फी जास्त वाटली तरी विचार. आणि मला लगेच लिही, नाहीतर मी रोज गच्चीत उभी राहून विमानं मोजत बसेन.

रुकय्या


शारजा,
२० जानेवारी २०२४

आपा, सलाम.

तुझं ऐकलं आणि काय झालं ते वाच. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी वकील गाठल्या. एमानबाई, इजिप्तच्या. हिंदी बऱ्यापैकी, मराठी शून्य, आवाज मोठा. करार आहे, आपा, चार पानांचा, तुला लिहायचा राहिला होता. बाईंनी तो चष्मा वर ढकलून वाचला आणि विचारलं, चावी दिलीस का? नाही म्हटल्यावर खुर्चीतून उठल्याच.

"चाबी दिया तो खलास," म्हणाल्या. मग त्यांनी मला एक शब्द शिकवला, हब्स. कायद्यातच आहे म्हणाल्या.

गुरुवारी मी धनंजयशेठना तोंडावर सांगितलं, पैशांशिवाय चावी नाही. त्याच दुपारपासून हब्स सुरू झाला. मी, दगडू आणि आठ माणसं, सगळे हब्समध्ये आहोत. मला वाटलं होतं भीती वाटेल, पण खरं सांगू, मजा येतेय. डबा बाहेरून येतो. गेटवर पाळीने पहारा असतो. कोर्टाचा कागद येईपर्यंत जागा सोडायची नाही असा बाईंचा हुकूम आहे. फोनही बंद ठेवायला लावलाय, कारण शेठ दिवसातून सहा वेळा फोन करतात आणि मी विरघळतो, हे बाईंनी पहिल्याच भेटीत ओळखलं. दिवसभर करायचं काय म्हणून दगडूने लोखंडी गेट तिसऱ्यांदा रंगवलंय. रामेश्वर पत्त्यांत सगळ्यांना हरवतो.

किती दिवसांचा हब्स ते कोर्टावर आहे. पण दिवस मोजत बसलो नाही. इतकी वर्षं मान खाली घालून काम केलं, आता पहिल्यांदा कोणासमोर तरी ताठ उभा राहिलोय. काळजी करू नकोस. मी फार खूश आहे.

मोहल्ल्यातला ओवेस लग्नासाठी घरी येतोय, त्याच्या हाती पत्र देतोय.

तुझा लियाकत


राजिवडा, रत्नागिरी,
२८ जानेवारी २०२४

लियाकत,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुला काय वाटलं, शब्द अरबी लिहिला म्हणजे मला कळणार नाही? अब्बांनी मला पाचव्या वर्षी उर्दू शिकायला बसवलं होतं. हब्स म्हणजे कैद. हब्स म्हणजे तुरुंग. चावी दिली नाहीस म्हणून तुला आत टाकलं, आणि तू मला पत्त्यांच्या डावाबद्दल लिहितोस.

ओवेसला आडून विचारलं. तो दात काढत म्हणाला, "लियाकतभाई हब्सवर बसलेत, एकदम मजेत." आजकालच्या पोरांना कशाचं गांभीर्यच राहिलेलं नाही. शेजारच्या मुनिबाने तुझा नंबर दहा वेळा लावून दिला. बंद. तो बंद का आहे ते तूच लिहिलं आहेस.

चूक माझी. मीच लिहिलं होतं की चावी देऊ नकोस. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. काल सकाळी उठले आणि चिपळूणची एसटी धरली.

रेडीजांचं घर बाजारपेठेत विचारत विचारत सापडलं. दार त्यांच्या आईने उघडलं. कावेरीबाई, माझ्याच वयाच्या. मी बसायच्या आधीच बोलले, "तुमच्या मुलाने माझ्या भावाला तुरुंगात टाकलंय. त्याने आपल्या कामाचे पैसे मागितले म्हणून." त्या हातात ताटली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ताटलीत पेढे होते. धनंजयने तिकडची शेड चांगल्या किमतीला विकली, म्हणून वाटत होत्या. एक तारखेला सकाळी पूजा आणि दुपारी नव्या मालकाच्या नावावर, असं त्यांना मुलाने कळवलंय. मी पेढ्याला हात लावला नाही. मग त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं विचारून घेतलं, आणि पदर डोळ्याला लावला. मुलाला जाब विचारते म्हणाल्या. बाई वाईट नाहीत.

असो, त्यांच्या पेढ्यांशी तुला काय करायचंय. तुझ्या वकीलबाईंना विचार, जामीन किती पडतो. माझ्या बांगड्या आहेत, पोस्टातली ठेव आहे, काहीही लपवू नकोस. तिथे पांघरूण देतात का? पहाऱ्यावरचे लोक हात तर उचलत नाहीत ना?

ओवेस मंगळवारी परत निघतोय. बंद पाकीट देते आहे. त्याला म्हटलंय, लियाकत असेल तिथे नेऊन दे.

तुझी आपा


शारजा,
६ फेब्रुवारी २०२४

आपा, माझी आपा, सलाम.

आधी श्वास घे. मी तुरुंगात नाही, नव्हतो. आणि तरीही तुझ्या त्या पत्राने आम्हा दहा जणांना वाचवलंय. क्रमाने सांगतो.

बुधवारी सकाळी ओवेस पाकीट घेऊन गेटवर आला. माणसांना कोकणची खबर लागते, म्हणून मी मोठ्याने वाचायला लागलो. 'हब्स म्हणजे तुरुंग' इथपर्यंत आलो आणि रामेश्वर हसता हसता रंगाच्या डब्यावरून खाली पडला. पांघरुणाच्या ओळीला तर सगळेच लोळले. मीही. या गडबडीत मी चिपळूणचा मजकूर भराभर वाचून पुढे गेलो होतो. दगडू एकटा हसत नव्हता. म्हणाला, "मालक, ते पेढ्याचं परत वाचा."

परत वाचलं. आणि बंद ठेवलेला फोन उघडून आधी बाईंना लावला.

आता तुला हब्स सांगतो, कोर्टातला. शिंपी शिलाई मिळेपर्यंत कपडा आपल्याकडे ठेवून घेतो ना, तसा. ज्याने वस्तूत आपली मेहनत घातली, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू धरून ठेवायचा हक्क. म्हणजे कैद आहे, तू बरोबर होतीस, पण कैद माझी नाही, शेडची. आम्ही शेडमध्ये बसून होतो ते यासाठी. चावी दिली की ताबा गेला, ताबा गेला की हक्क गेला. पण शेड परस्पर तिसऱ्याच्याच नावावर झाली, की त्या अनोळखी माणसाशी किती वर्षं भांडायचं? म्हणून कोर्टाचा कागद झोनच्या ऑफिसात नोंदवायचा असतो. एकदा नोंद झाली की आमचे पैसे चुकते केल्याशिवाय नावबदल होत नाही.

कागद आदल्या दिवशीच कोर्टातून बाईंच्या हातात आला होता. त्या तो सोमवारी नेणार होत्या, कारण बुधवारी त्या दिवसभर दुबईत होत्या, गुरुवारी त्यांची दुसरी तारीख होती आणि शारजात शुक्रवारपासून तीन दिवस सगळं बंद. घाई कशाला, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. आणि शेड तर गुरुवारी दुपारीच दुसऱ्याच्या नावावर होणार होती. पूजा आपली, नारळ आपला, मराठी बोलणं आपलं, आणि सोमवारी आम्ही कागद घेऊन गेलो असतो तेव्हा ऑफिसात धनंजयशेठचं नावच उरलं नसतं.

बाई बुधवारी रात्री फोनवर सापडल्या, कागद जवळ ठेवते म्हणाल्या. गुरुवारी सकाळी दगडूला गेटवर ठेवून मी कोर्टाच्या पायरीवर बाईंची वाट पाहत उभा राहिलो. सव्वाबाराला बाहेर आल्या. त्यांची गाडी दूर लावलेली होती, म्हणून माझ्याच पिकअपमध्ये बसल्या. सीटवर सिमेंट, पायाशी बादल्या, मांडीवर फाइल, आणि तोंडाने सारखं "यल्ला, यल्ला," म्हणजे चल, चल. रस्ता असा भरलेला की एक ट्रक अर्धा तास आमच्या पुढेच होता. बाई काच खाली करून त्या ट्रकवाल्याशी अरबीत काहीतरी बोलल्या. त्याने बाजू दिली. काय बोललात विचारलं, तर म्हणाल्या, सांगण्यासारखं नाही.

ऑफिसात पोचलो तेव्हा पावणेदोन. टोकन एकसष्ट, पडद्यावर आकडा बेचाळीस. नावबदलाची वेळ अडीचची, हे बाईंनी चौकशीच्या खिडकीवरून काढून आणलं. आपा, मी पडद्यावरचा एकेक आकडा बोटांवर मोजत उभा राहिलो. दोन वाजून अठरा मिनिटांनी आमचा नंबर लागला. खिडकीतला माणूस शांत. कागद वाचला, उलटा केला, परत वाचला. फीसाठी कार्ड मागितलं. माझं कार्ड चाललं नाही. बाईंनी आपलं दिलं. तेवढ्यात मागे मराठी ऐकू आलं. धनंजयशेठ, रेशमी झब्बा, कपाळाला गंध, सोबत नवे मालक.

शिक्का पडला तेव्हा घड्याळात दोन सत्तावीस झाले होते.

शेठनी मला पाहिलं आणि म्हणाले, "अरे लियाकतभाई, इकडे कसे?" खरं सांगतो, त्या क्षणीही मला माफ करा म्हणावंसं वाटलं. बाईच पुढे झाल्या. पाच मिनिटांनी त्या दोघांना खिडकीवर सांगण्यात आलं की या जागेवर कोर्टाची नोंद आहे, आधी ती मिटवा. नव्या मालकांनी पेन परत खिशाला लावलं आणि शेठकडे पाहत राहिले.

तिकडे सकाळची पूजा गेटबाहेरच झाली होती. दगडूने भटजींना हात जोडले, पाणी दिलं, प्रसाद घेतला, पण कुलूप काढलं नाही.

काल, सोमवारी, एमानबाईंच्या ऑफिसात शेठनी बँकेचा चेक टेबलावर ठेवला. दोन लाख ऐंशी हजार, पूर्ण. बाईंनी बँकेत खात्री करून घेतली आणि मगच मला मान हलवून खूण केली. मी चावी दिली. शेठ चावीकडे न बघता म्हणाले, "आधी माझ्या आईला फोन करून सांगा की तुम्ही बाहेर आहात. आठ दिवस ती माझ्याशी बोलत नाहीये." मी लावला. कावेरीबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते जेवलास का.

आज माणसांचे पगार झाले. पत्रेवाल्याचे गेले. एका गोदामाच्या फलाटाच्या कामाची चौकशीही आली आहे, अजून पक्की नाही. दगडूने घरी फोन करून बायकोला आकडा दोनदा सांगितला, आधी दिरहमात, मग रुपयात. तुला उर्दू येत नसती तर तू घाबरली नसतीस, घाबरली नसतीस तर चिपळूणला गेली नसतीस, आणि आम्ही सगळे रस्त्यावर आलो असतो. सगळी माणसं तुला सलाम सांगतायत. मी इतका खूश आहे की काय लिहू.

तुझा लियाकत


राजिवडा, रत्नागिरी,
१४ फेब्रुवारी २०२४

लियाकत, दुआ.

पत्र वाचलं आणि अल्लाचे शुक्र मानले. मुनिबाने माझी फजिती सगळ्या मोहल्ल्यात केली आहे. मच्छीवालीसुद्धा विचारते, आपा, भाऊ सुटला का? करू दे. दगडूला सांग, हुशार विद्यार्थी तोच, जो बाकीचे हसत असताना परत वाचायला लावतो.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती लिहिते. तू लिहिलं होतंस, डबा येतो, मजा आहे, काळजी करू नकोस, मी फार खूश आहे. आणि ते वाचताना मला एकदाही वाटलं नाही की हा खरंच खूश असेल. तू तुरुंगात असशील आणि तिथूनही असंच लिहिशील, हे मला सहज पटलं. का पटलं, याचा विचार करत बसले. मग कपाटावरचा डबा उतरवला आणि तुझी पत्रं काढली. बावीस वर्षांची, सगळी.

एका वर्षी तू कामाला होतास ती कंपनी बुडाली आणि पाच महिने पगार नव्हता, हे मला फार नंतर मरियमबींनी सांगितलं. त्या पाच महिन्यांतली तुझी तीन पत्रं आहेत. तिन्हींत तू मजेत आहेस. पाय मोडून पडला होतास त्या महिन्यात लिहितोस, इथे हवा छान आहे. अब्बा गेले आणि तुला सुट्टी मिळाली नाही, त्या आठवड्याचं पत्र दोन पानी आहे, त्यात मला धीर दिला आहेस, आणि तुझ्याबद्दल लिहिलंस की मी ठीक आहे. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, आणि घरातल्या मुलाचं लिहिणं वाचता आलं नाही. मला फार लागलंय हे.

आता माझं लपवलेलं सांगते. चिपळूणला जाण्याच्या तीन दिवस आधी मी मोठ्या पोस्टातल्या पासपोर्टच्या कचेरीत गेले होते. कैद्याला भेटायला रक्ताचं माणूस लागतं, असं माझ्या मनाने घेतलं. मुनिबाने अर्ज भरला, तातडीचे जास्तीचे पैसे भरले, बोटांचे ठसे दिले. चौकशीला आलेला पोलीस विचारत होता, आजी, या वयात परदेशी कशाला? मी म्हटलं, भाऊ आहे तिथे. काल पासपोर्ट आला. फोटोत मी चिडलेली दिसते.

बावीस वर्षं तू ये म्हणालास आणि मी दर वेळी काहीतरी कारण सांगितलं. आज कारण शोधायला बसले तर एकही सापडलं नाही. दोन मार्चला, शनिवारी दुपारी, शारजा विमानतळावर उतरते आहे. व्हिसाचं मुनिबा बघते आहे. पहिला रोजा तुझ्याकडेच करीन.

आणि ऐक. हे पत्र वाचल्यावर तू खोली आवरायला घेशील, नवी चादर आणशील, भिंत रंगवशील. त्यातलं काही करू नकोस. औषधं, भांडी, गादी, जे जिथे आहे ते तिथेच राहू दे. मला तुझी खोली आहे तशी बघायची आहे.

रुकय्या